गादी

मराठीत गादी हा मोठा मजेदार शब्द आहे. राजा बसतो ती गादी, मठात स्वामी बसतात ती गादी, पेढीवर शेठजी लोडाला टेकून बसतात ती गादी आणि दिवसभर राबून आलेला माणूस रात्री अंग टाकतो तीही गादीच. आमच्या घराचे पोट गेली साठ वर्षे या एका शब्दावर चालले आहे. आम्ही हूड-सीट मेकर. पुण्यात नाना पेठेत मोटारींच्या सुट्या भागांची दुकाने आहेत, त्यातल्याच एका बोळात आमचा गाळा. वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, तो घातला. त्यांच्यामागे मी चालवतो. रिक्षाची सीट, टेम्पोची सीट, लग्नाच्या गाडीचे कव्हर, जे येईल ते काम करायचे. पण वर्षा-दोन वर्षांतून एखादी जुनी मोटार दारात येते आणि मग मला अण्णांची फार आठवण होते.

दोन वर्षांपूर्वी कोल्हापूरकडचे एक गृहस्थ अशीच एक मोटार घेऊन आले. १९३८ सालची इंग्रजी गाडी, त्यांच्या वडिलांनी हौसेने घेतलेली आणि पुढे वीस वर्षे गोठ्याशेजारी झाकून ठेवलेली. इंजिन झाले होते, रंग झाला होता, राहिल्या होत्या त्या सीटा. त्यांनी खिशातून एक छायाचित्र काढले. लांबलचक बॉनेट, मागे निमुळती होत गेलेली शेपटी, काळ्या रंगावर केशरी रंग. आपल्या गाडीच्या सीटा अशाच काळ्या-केशरी करायच्या, असे त्यांचे म्हणणे. गाडी कोणाची ते ओळखले का, असे त्यांनी मला विचारले. मी मान हलवली. तेव्हा ते अभिमानाने म्हणाले, की ही आमच्या कागलच्या जावयाची.

कागलचे जावई म्हणजे इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर. नाव मी ऐकून होतो. माझी मावशी इंदूरची. लहानपणी सुट्टीत तिकडे गेलो, की काका सायकलच्या दांडीवर बसवून माणिकबागेवरून न्यायचे. भिंतीपलीकडे पांढरी, सपाट, चौकोनी इमारत दिसायची. राजवाडा म्हणावा तर ना घुमट, ना कमान. त्या वेळी तिथे अबकारी खात्याची कचेरी होती. राजाच्या घरात साहेब लोक फायली घेऊन बसतात, याचे मला तेव्हा हसू आले होते.

मी त्या गृहस्थांना लगेच होकार दिला नाही. त्याला कारण होते. १९९२ साली अण्णा आजारी असताना मी एकट्याने एका जुन्या मोटारीचे काम घेतले होते. मालकाला घाई होती, मलाही होती. मी सीटा फाडल्या, आतले सगळे भंगारात दिले आणि फोम भरून, वर चकचकीत रेक्झिन चढवून आठ दिवसांत गाडी रवाना केली. पैसे चांगले मिळाले. अण्णा बरे होऊन गाळ्यात आले, तेव्हा त्यांनी फक्त एवढेच विचारले, की जुना सांगाडा कुठे आहे. मी सांगितल्यावर ते चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मग एकदा जेवताना म्हणाले, की सीट फाडण्याआधी ती कोणासाठी केली होती हे विचारायचे असते. ते वाक्य माझ्या मनात रुतून बसले आहे. म्हणून या वेळी मी त्या गृहस्थांकडे महिनाभराची मुदत मागितली. आणि त्या महिन्यात, छायाचित्रातली ती गाडी ज्यांच्यासाठी केली होती त्यांच्याविषयी मिळेल ते वाचून काढले.

बापाची गादी

यशवंतरावांचा जन्म ६ सप्टेंबर १९०८ चा. मल्हारराव आणि अहिल्याबाई यांच्या गादीचे वारस. वडील तुकोजीराव (तिसरे) त्या वेळी अजून विशीतही नव्हते. मुलगा इंग्लंडमध्ये शिकायला राहिला. १९२४ साली कागलकर घाटग्यांच्या संयोगितादेवींशी त्यांचे लग्न झाले. दोघेही वयाने लहानच होते. सारे ठरल्याप्रमाणे चालले असते, तर वडिलांनी अजून तीस-चाळीस वर्षे राज्य केले असते आणि चिरंजीव केस पांढरे झाल्यावर गादीवर आले असते.

पण १२ जानेवारी १९२५ च्या संध्याकाळी मुंबईत मलबार हिलवर एक मोटार अडवली गेली. गाडीत अब्दुल कादर बावला हे व्यापारी होते आणि त्यांच्यासोबत मुमताज ही इंदूर दरबार सोडून आलेली नर्तकी. तिला पळवून नेण्याचा तो प्रयत्न होता. बावलांचा गोळ्या घालून खून झाला. योगायोगाने तिथून जाणारे इंग्रज लष्करी अधिकारी मध्ये पडले आणि हल्लेखोर पकडले गेले. खटला गाजला, तिघांना फाशीची शिक्षा झाली आणि सगळ्यांची बोटे इंदूरकडे वळली. सरकारने तुकोजीरावांपुढे दोन वाटा ठेवल्या: चौकशी आयोगाला सामोरे जा किंवा गादी सोडा. फेब्रुवारी १९२६ मध्ये त्यांनी गादी सोडली.

अशा तऱ्हेने सतरा वर्षांचा मुलगा महाराज झाला. बाप हयात असताना बापाच्या गादीवर बसणे म्हणजे काय, हे आम्हा धंदेवाल्यांना वेगळ्या तऱ्हेने कळते. वर्षानुवर्षे एकच माणूस ज्या सीटवर बसतो, तिथे त्याच्या अंगाचा खळगा पडतो. स्प्रिंगा त्याच्या वजनाला सरावतात. दुसरा कोणी बसला, की त्याला ती टोचते, कलते, कुठेतरी चुकते. यशवंतरावांना गादी मिळाली ती असा खळगा पडलेली. आणि तो खळगा नुसता वापराचा नव्हता, बदनामीचा होता. राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार त्यांना १९३० मध्ये मिळाले. मधल्या चार वर्षांतला बराच काळ ते इंग्लंडमध्ये, ऑक्सफर्डच्या ख्राइस्ट चर्च कॉलेजात होते. मला वाटते, पुढे त्यांनी जे जे केले, त्याच्या मुळाशी या चार वर्षांत मनाशी धरलेली एक गाठ असावी: आपण बसू ते आपल्या मापाचे असेल.

मापाचा महाल

ऑक्सफर्डच्या दिवसांत त्यांची एका तरुण जर्मन वास्तुशिल्पकाराशी ओळख झाली. त्याचे नाव एकार्ट मुथेसिउस. वय पंचविशीच्या आसपास, नावावर मोठे काम एकही नाही. पण वडील हेर्मान मुथेसिउस जर्मनीतले नामवंत वास्तुशिल्पकार. वडिलांच्या सावलीतून बाहेर पडू पाहणारी ही दोन मुले. एकाला राज्य मिळाले होते, दुसऱ्याला काम हवे होते. १९३० ते १९३३ या काळात त्यांनी मिळून इंदूरला माणिकबाग महाल उभा केला.

त्या काळी हिंदुस्थानातले बहुतेक संस्थानिक इंग्रजी किंवा इटालियन थाटाच्या हवेल्या बांधत होते. सोनेरी मुलाम्याच्या खुर्च्या, मखमली पडदे, झुंबरे. माणिकबागेत यातले काही नव्हते. सरळ रेषा, साध्या भिंती, काच, चकाकणारे धातूचे नळ, आणि त्या काळात हिंदुस्थानात अपूर्वाईची अशी वातानुकूलनाची सोय. दाराच्या मुठीपासून दिव्यापर्यंत प्रत्येक वस्तू या घरासाठी ठरवून केलेली, किंवा पॅरिस-बर्लिनच्या उत्तम कारागिरांकडून निवडून आणलेली. गालिचे दा सिल्वा ब्रून्सचे, चांदीची भांडी प्युइफोरकाची, अभ्यासिकेतले लाकूडकाम रुलमनचे, धातू आणि काचेचे पलंग सोन्यो आणि ॲलिक्स या जोडीचे.

पण माझी नजर गेली ती खुर्च्यांवर. तिथे आयरिश कलावती आयलीन ग्रे यांची ‘ट्रान्सॅट’ नावाची आरामखुर्ची होती. आगबोटीच्या डेकवर टाकतात त्या खुर्चीवरून तिची कल्पना घेतलेली. लाखेचा हात दिलेली सरळसोट लाकडी चौकट, धातूचे सांधे, आणि चौकटीच्या मधोमध झोळीसारखी टांगलेली गादी. डोक्यामागची उशी मानेबरोबर पुढे-मागे कलते. मी तिचे चित्र भिंगाखाली धरून पाहिले. आपण सीटमध्ये स्प्रिंगा भरून जो आराम आणतो, तो त्या बाईने नुसत्या झोळीच्या लोंबण्यातून आणला आहे. तिथेच ल कॉर्ब्युझिए आणि त्यांचे सहकारी यांची कोच-खुर्चीही होती. नळीच्या कमानीवर ठेवलेली, हवा तो कोन धरणारी. आणि मुथेसिउसने स्वतः केलेल्या दोन लाल आरामखुर्च्या होत्या. वाचताना उजेड मागून पुस्तकावर पडावा म्हणून दिवे खुर्चीतच बसवलेले. गंमत अशी, की त्यांच्यावर चढवले होते ते खरे कातडे नव्हे, कृत्रिम कातडे. म्हणजे आमच्या भाषेत रेक्झिनच. अण्णा जन्मभर रेक्झिनला हलके समजत आले. एका महाराजाने पॅरिसचे चोखंदळ डोळे असताना ते पसंत केले होते, हे त्यांना ऐकवायला मला फार आवडले असते.

फ्रेंच चित्रकार बर्नार बुते द मोंव्हेल याने महाराजांची दोन मोठी चित्रे काढली आहेत. पहिले १९२९ चे. त्यात महाराज उभे आहेत. काळा विलायती पोशाख, खांद्यावर झूल, लांब सडपातळ बोटे. दुसरे पाच वर्षांनंतरचे. त्यात मराठेशाही पोशाख आहे, डोक्यावर लाल पगडी आहे आणि महाराज मांडी घालून पांढऱ्या गादीवर बसले आहेत. माणूस तोच, चित्रकार तोच. लोक म्हणतात, एक चित्र पश्चिमेचे आणि एक पूर्वेचे. मी सीट मेकर, मला दिसले ते इतकेच: एकात त्यांना बसायला जागा नाही आणि दुसऱ्यात आहे. बसायला येईपर्यंत मध्ये पाच वर्षे गेली होती.

हे सगळे प्रजेच्या पैशातून चालले होते, हेही सांगितले पाहिजे. जगभर मंदी होती, शेतमालाचे भाव कोसळले होते आणि महाराज वर्षातले कितीतरी महिने युरोप-अमेरिकेत असत. राज्याचा गाडा दिवाण आणि अंमलदार ओढत. एका माणसाच्या मापाचा महाल उभा राहतो, तेव्हा ज्यांच्या मापाचे काहीच नसते अशी हजारो माणसे त्याच्या पायाशी असतात. त्याच वेळी इंदूरला पाणी देणारा यशवंत सागरही याच कारकिर्दीतला. पारड्यात दोन्ही टाकावे लागते.

काळी-केशरी गाडी

आता त्या छायाचित्रातल्या मोटारीकडे येतो. तिचे नाव ड्यूझनबर्ग. फ्रेड आणि ऑगस्ट हे मूळचे जर्मन असलेले भाऊ अमेरिकेत इंडियानापोलिसला या गाड्या करीत. १९२८ च्या अखेरीस त्यांनी ‘जे’ मॉडेल आणले आणि पुढे जादा हवा दाबून भरणारा सुपरचार्जर लावून ‘एसजे’. ओळीने आठ सिलिंडर, सुमारे सात लिटरचे इंजिन, आणि कंपनीच्या सांगण्याप्रमाणे ३२० अश्वशक्ती. महाराजांची गाडी १९३०च्या दशकाच्या मध्याची, म्हणजे कंपनीच्या शेवटच्या गाड्यांपैकी. १९३७ मध्ये कारखाना बंदच पडला.

त्या काळात अशी मोटार आजच्यासारखी तयार मिळत नसे. कंपनी फक्त चासी देई: चाके, इंजिन, रेडिएटर. वरचा साज गिऱ्हाइकाने आपल्या पसंतीच्या कोचबिल्डरकडून करून घ्यायचा. महाराजांची चासी अमेरिकेतून लंडनला गर्नी नटिंग यांच्या कारखान्यात गेली. तिथले मॅकनील हे आराखडे काढण्यात नाणावलेले. दोन चाकांमधले अंतरच पावणेतेरा फूट, म्हणजे आपल्या साध्या मोटारीच्या दीडपट. आणि एवढ्या लांबीत बैठक पुढे दोघांपुरती. बाकी सारी नुसती रेषा. इंजिनापासून शेपटीपर्यंत एक सलग फटकारा.

अशा गाडीची सीट कशी होत असे, ते अण्णांनी मला हाताला धरून शिकवले होते, कारण आपल्याकडच्या जुन्या इंग्रजी गाड्यांची घडणही तीच. आधी माणसाचे माप. त्याला साध्या फळीवर बसवायचे, पाठ दुसऱ्या फळीला टेकवायची. बैठकीपासून गुडघ्यामागच्या लवणीपर्यंत एक माप, लवणीपासून टाचेपर्यंत दुसरे, कमरेपासून खांद्यापर्यंत तिसरे, आणि हात स्टीअरिंगवर ठेवल्यावर कोपर कुठे येते ते चौथे. गादीची पुढची कड आणि गुडघ्याची लवण यांच्यात दोन बोटे जागा हवीच, नाही तर तासाभरात पायाला मुंग्या येतात. माणूस बसल्यावर स्प्रिंग दीड इंच दबणार, तो हिशेब आधीच धरायचा. मग लाकडी सांगाडा, त्यावर पट्टे, त्यावर स्प्रिंगा. प्रत्येक स्प्रिंग सुतळीने आठ दिशांना बांधायची. एक जरी गाठ सैल राहिली, तर वळणावर माणूस एका अंगाला झुकतो. स्प्रिंगांवर गोणपाट, गोणपाटावर घोड्याच्या शेपटीचे पिंजलेले केस, वर कापसाचा थर आणि शेवटी कातडे. कातड्याच्या उभ्या पट्ट्या शिवून आत भरण भरायचे, म्हणजे कातडे ताणले जात नाही आणि पाठीला वारा लागतो. घोड्याचा केस दबतो आणि पुन्हा उठतो. पन्नास वर्षांनी काढला, धुतला, उन्हात वाळवून पिंजला, की पुन्हा नव्यासारखा. फोम मात्र एकदा बसला, की बसलाच.

म्हणजे त्या लंडनच्या कारखान्यात कोणी माझ्यासारख्याच माणसाने, तोंडात चुका धरून, महाराजांच्या मापाची गादी ठोकली असणार. त्याचे नाव कोणत्याही पुस्तकात नसते. आमचे नाव कधीच नसते. आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही. बसणाऱ्याला गादीची आठवणच होऊ नये, हीच आमच्या कामाची पावती.

दुसरी बैठक रिकामी

१९३३ साली पॅरिसला त्यांना मुलगी झाली, उषाराजे. मॅन रे या छायाचित्रकाराने या जोडप्याची छायाचित्रे काढली आहेत. त्यांत कुठे राजेपणाचा आव नाही. एकमेकांना बिलगून हसणारी दोन तरुण माणसे, सुट्टीवर आलेली. कागलची मुलगी पॅरिसच्या कपड्यात जितकी सहज दिसते तितकीच नऊवारीत.

१९३७ साली संयोगितादेवी स्वित्झर्लंडमध्ये वारल्या. वय तेवीस-चोवीस. मोटार येऊन फार दिवस झाले नव्हते. दोघांच्या बैठकीची गाडी, आणि दोघांतले एक गेले.

याच सुमाराला आणखी एक काम अर्धवट राहिले, आणि मला वाटते, या माणसाच्या आयुष्यातले तेच सर्वांत मोठे. रुमानियन शिल्पकार ब्रांकुशी याची ‘अवकाशातला पक्षी’ ही शिल्पे महाराजांनी घेतली होती: एक झळझळीत ब्राँझचे, एक काळ्या संगमरवराचे, एक पांढऱ्या संगमरवराचे. पंख नाहीत, चोच नाही, नुसती वर झेपावणारी ओळ. या तीन पक्ष्यांसाठी इंदूरला ध्यानमंदिर बांधायचे, मधे पाण्याचे कुंड ठेवायचे, माणसाने एकट्याने आत जाऊन शांत बसायचे, अशी कल्पना. ब्रांकुशी त्यासाठी इंदूरला आलाही. पण मंदिर झाले नाही. महाराज तोवर दुसरे माणूस झाले होते. ज्याने आयुष्यभर खुर्च्या निवडल्या, त्याच्यासाठी शांत बसायची एकच जागा व्हायची होती, ती कागदावर राहिली. पुढे १९७३ मध्ये संगमरवरी पक्षी ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या संग्रहालयाने घेतले आणि ब्राँझचा कॅलिफोर्नियात गेला.

पुढची वर्षे मी भरभर सांगतो. त्यांनी आणखी दोन लग्ने केली, दोन्ही अमेरिकन स्त्रियांशी. पहिले टिकले नाही. दुसरीपासून एक मुलगा झाला. महायुद्धाच्या ऐन धामधुमीत, १९४२ साली, त्यांनी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना जाहीर पत्र लिहून हिंदुस्थानच्या प्रश्नात मध्यस्थी करण्याची विनंती केली. मांडलिक राजाने असे करणे इंग्रजांना अर्थातच रुचले नाही. आणि त्यांच्या आश्रयाखाली होळकरांचा क्रिकेट संघ उभा राहिला. कर्नल सी. के. नायडू कप्तान, सोबत मुश्ताक अली, चंदू सरवटे. १९४५-४६ पासून १९५२-५३ पर्यंत या संघाने रणजी करंडक चार वेळा जिंकला. आमच्या अण्णांना महाराज ठाऊक होते ते एवढ्यावरूनच. माणिकबाग त्यांनी कधी पाहिली नाही, पण होळकर संघातली नावे ते शिवण घालता घालता ओळीने म्हणत.

स्वातंत्र्य आले तेव्हा महाराजांनी विलीनीकरणाला आधी चालढकल केली, मग सही केली. १९४८ मध्ये मध्य भारत राज्य झाले. शिंदे राजप्रमुख झाले आणि होळकर उपराजप्रमुख. १९५६ मध्ये तेही पद संपले. ५ डिसेंबर १९६१ रोजी मुंबईत ते वारले, तेव्हा वय अवघे त्रेपन्न होते. इंदूरमध्ये त्यांचे नाव आज सर्वांत जास्त घेतले जाते ते महालामुळे नव्हे, तर एम. वाय. हॉस्पिटलमुळे. त्यातला वाय म्हणजे यशवंतराव, हे तिथे रांगेत उभ्या असलेल्या कितीजणांच्या ध्यानात असते कोणास ठाऊक.

माणिकबाग सरकारकडे गेली. आतले सामान १९८० साली मोनॅकोमध्ये लिलावात निघाले आणि जगभर पांगले. मोटार अमेरिकेत गेली. २०१९ मध्ये पॅरिसच्या कलासंग्रहालयाने पांगलेल्या वस्तू शोधून, मागून आणून या महाराजांवर मोठे प्रदर्शन भरवले. त्याची चित्रे मी पाहिली. लाल खुर्च्या होत्या, ट्रान्सॅट होती, त्यांच्यावर प्रकाशझोत सोडलेले होते. बसायला अर्थातच मनाई.

ते पाहताना मला महेश्वर आठवले. मावशीकडून एकदा आम्ही तिथे गेलो होतो. नर्मदेच्या काठी किल्ल्यात अहिल्याबाईंची राजगादी जपलेली आहे. जमिनीवर अंथरलेली साधी बैठक, मागे लोड. अडीचशे वर्षांपूर्वी एका बाईने तिच्यावर बसून राज्य केले. त्या गादीत कुणाच्या मापाचे काही नाही. कोणीही बसावे आणि कोणालाही बसता यावे अशी ती. एकाच घराण्यातल्या या दोन बैठका. एक आहे तिथेच आहे, दुसरी जगभर विखुरली. यात कोण थोर आणि कोण धाकटा, हे मी ठरवणार नाही. आपल्या मापाचे काही असावे असे वाटणे हे पाप नाही. ते पाप असते, तर माझा धंदाच बंद करावा लागेल.

एक इंच, दीड इंच

महिना संपला. ते गृहस्थ आले, तेव्हा मी त्यांना हे सगळे सांगितले आणि मग चालकाची सीट त्यांच्यासमोर उघडली. त्यांचे वडील उंच आणि अंगाने भारी होते. कोपर खिडकीवर टेकून गाडी चालवायची त्यांना सवय होती. त्यामुळे गादी उजवीकडे चांगली एक इंच बसली होती. गोणपाट कुजले होते, पण आतला घोड्याचा केस जिवंत होता. मूठभर दाबला, की पुन्हा फुलत होता. मी त्यांना म्हटले, की वरचा रंग तुमच्या मनासारखा करू, काळा-केशरी, पण सांगाडा, स्प्रिंगा आणि केस वडिलांचेच राहू द्या. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग केसाचा एक पुंजका उचलून त्यांनी नाकाशी धरला आणि मान हलवली.

डावीकडची सीट त्यांच्या आईसाठी होती. चौऱ्याऐंशी वर्षांच्या, गुडघे धरलेले. मापाला त्यांना गाळ्यात आणले. मी फळीवर बसवले आणि एकेक घडीचे वर्तमानपत्र खाली सरकवत गेलो, ते त्या हात न टेकता उठू शकतील इतक्या उंचीपर्यंत. दीड इंच भरले. मी तेवढी गादी उंच धरायला निघालो, तर त्यांनी मला थांबवले. सीट माझ्या मापाची करू नकोस, असे त्या म्हणाल्या. मी किती दिवस बसणार? पुढे सूनबाई बसेल, तिचे पाय लोंबकळत राहतील.

मी सीट सरळ मापाची केली आणि दीड इंचाची वेगळी पातळ गादी शिवून वर ठेवली, बंदाने बांधायची. तिच्यातही घोड्याचाच केस भरला. बंद सैल सोडला, की ती निघते.